कोटाची माया : शिवलेल्या वस्त्राचा आपल्या मुलखातील इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या शाळेत बोलण्याचा मान मला या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी म्हणून मिळत आहे, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानासाठी थोर पुरुषांची चरित्रे किंवा मोठमोठ्या चळवळी निवडण्याची प्रथा आहे. मी मात्र आज एका वस्त्राविषयी बोलणार आहे, आणि तेही त्याच्या दिसणाऱ्या बाजूपेक्षा न दिसणाऱ्या बाजूविषयी अधिक. विषय आहे अस्तर लावलेला लोकरी कोट, तो बेतण्याची जुनी पद्धत आणि तो आपल्या मुलखात कसा रुजला याची हकीकत.

हा विषय निवडण्यास तीन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कारखाना १९९१ साली उभा राहिला आणि तेव्हापासून कोटाला लागणारे लोकरी व लोकरमिश्रित कापड आपल्या उंबरठ्यावर विणले जात आहे. कापूस आणि संत्री यांच्या या प्रदेशात लोकर हा पाहुणा माल होय. तो येथपर्यंत का आला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे. दुसरे कारण असे की, गेल्या दीडशे वर्षांत आपल्या समाजात जी उलथापालथ झाली, तिची एक पावती कोटाच्या रूपाने आपल्या जुन्या छायाचित्रांत जागोजाग आढळते. तिसरे कारण व्यक्तिगत आहे. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर मी एका जुन्या आराखड्यावरून स्वतःच्या हाताने एक कोट शिवला, आणि पुस्तकांनी जे शिकविले नव्हते ते त्या कामाने शिकविले.

अखंड वस्त्र आणि शिवलेले वस्त्र

आपल्याकडे वस्त्राच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे ही अखंड वस्त्रे होत. मागावरून उतरले की ते वापरावयास तयार. त्यांना आकार येतो तो नेसणाऱ्याच्या हाताने, आणि सोडले की तो आकार मोडतो. सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नसे, यावरून अखंड वस्त्राचे पावित्र्य किती मानले जाई हे कळते. त्याच वेळी अंगरखा, बाराबंदी, बंडी, चोळी ही शिवलेली वस्त्रेही घरोघरी होती. म्हणजे शिवणकला इंग्रजांनी आणली, हा समज खरा नाही. संत नामदेव शिंपी कुळातले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी एकसष्ट पदे आहेत, त्यांतील एका पदात गज आणि कात्री, सुई आणि दोरा हीच भक्तीची रूपके होऊन येतात. आपल्या व्यवसायाची हत्यारे देवासमोर ठेवण्यास त्यांना संकोच वाटला नाही.

मात्र जुना अंगरखा आणि कोट यांच्या बेतण्यात मूलभूत फरक आहे. अंगरखा बहुधा सरळ पट्ट्या, त्रिकोणी कळ्या आणि काखेतील चौकोनी तुकडा यांतून उभा राहतो. कापड फारसे वाया जात नाही, आणि बंद बांधून तो अंगाला जुळवून घेता येतो. कोटाचे तसे नाही. त्याचा मुंढा गोल कापावा लागतो, खांदा उतरता ठेवावा लागतो, पाठीचा बाक आणि छातीचा फुगवटा कापडात आधीच घडवावा लागतो. अंगरखा नेसूच्या वस्त्राप्रमाणे अंगाशी तडजोड करतो. कोटाने मात्र शिंप्याच्या कल्पनेतील एक शरीर आधी तयार केलेले असते, आणि माणसाने त्यात शिरावयाचे असते.

या वस्त्राबरोबर जे शब्द आले त्यांतही इतिहास साठलेला आहे. कात्री संस्कृताच्या घरची. गज आणि अस्तर हे शब्द फारसीतून आले. बटणासाठी करतात ते काज पोर्तुगीजांकडून आले, आणि इस्त्रीचे मूळही कोशकार पोर्तुगीजातच दाखवितात. कोट, कॉलर आणि बक्रम इंग्रजीतून आले. म्हणजे एका कोटाच्या शिलाईत आपल्याशी व्यवहार केलेल्या बहुतेक सत्तांच्या खुणा सापडतात. या सर्व परक्या शब्दांत एक शब्द मात्र अस्सल आपला आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. त्या शब्दाकडे मी पुढे येणारच आहे.

कोट या मुलखात कसा आला

आपला हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांची सत्ता नावापुरती उरली. १८२१ मध्ये नागपूरजवळ कामठी येथे इंग्रजांची छावणी वसली. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याचा भाग म्हणून त्यात राहिला.

या सनावळीचा कोटाशी संबंध असा की, छावणी म्हणजे गणवेश आणि गणवेश म्हणजे शिंपी. प्रत्येक पलटणीबरोबर दर्जी असत. साहेबाचा जुना कोट उसवावयाचा, त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून खडूने आखावयाचे आणि तसाच दुसरा कोट शिवावयाचा, अशी या कारागिरांची ख्याती होती. उसवणे हीच त्यांची शाळा. छावणीनंतर कचेरी आली, न्यायालय आले, रेल्वे आली, शाळाखाते आले. या प्रत्येक ठिकाणी डोक्यावर पागोटे, खाली धोतर आणि मध्ये कोट अशी एक संमिश्र मूर्ती उभी राहिली. गोपाळ कृष्ण गोखल्यांची छायाचित्रे पाहावीत. बंद गळ्याचा कोट, गळ्यात उपरणे आणि डोक्यावर पगडी. दोन युगे एकाच अंगावर, आणि त्यांत कुठेही ओढाताण दिसत नाही.

विदर्भाच्या सीमेवरील या उष्ण मुलखात लोकरी कोटाची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. सातपुड्याच्या पायथ्याशी पौष-माघातल्या रात्री थंड असतात हे खरे, परंतु तेवढ्यासाठी घोंगडी पुरेशी होती. कोट आला तो थंडीसाठी नव्हे, तर मानासाठी. वैशाखातील लग्नात, कपाळावरून घाम निथळत असताना, नवरदेव कोट घालून बोहल्यावर उभा राहतो याचे दुसरे कारण सांगता येणार नाही. ज्यांच्याकडे कोट नसे ते उसना आणीत. जुन्या काळी छायाचित्रकारांच्या दुकानांत खुंटीवर एक कोट टांगलेला असे. गिऱ्हाइकाने तो चढवावा, छायाचित्र काढून घ्यावे आणि कोट पुन्हा खुंटीस लावावा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या छायाचित्रांतील कोटाचे खांदे पुष्कळदा उतरलेले किंवा बाह्या आखूड दिसतात. तो कोट बेतला होता दुसऱ्याच कोणासाठी तरी. हसण्यासारखी ही गोष्ट नाही. एका क्षणापुरती का होईना, पण आपली प्रतिष्ठेतील प्रतिमा पुढच्या पिढीसाठी मागे राहावी, ही त्यामागची इच्छा आहे.

सन्मानाचे वस्त्र आणि होळीतील वस्त्र

मानासाठी परिधान केलेल्या वस्त्राचा विचार करताना आपल्या शेजारच्या एका स्थळाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नागपूरपासून जवळ चिचोली येथे शांतिवन नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातील अनेक वस्तू तेथे जतन केलेल्या आहेत. त्यांत त्यांचे टंकलेखन यंत्र आहे आणि त्यांचे कोटही आहेत. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर त्यांनी नीटनेटका पाश्चात्त्य पोशाख आयुष्यभर सांभाळला. ज्या समाजाने एका मोठ्या वर्गाला चांगले वस्त्र नेसण्यासही मज्जाव केला होता, त्या समाजात नीट बेतलेला कोट हे एक विधान होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी त्यांच्या नेसण्याच्या रीतीचा आणि अंगावरच्या दागिन्यांचा आवर्जून उल्लेख केला, तो याच जाणिवेतून. जातीची खूण अंगावरून पुसावयाची असेल तर वस्त्र बदलावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते.

याच काळात दुसरी एक धारा उलट दिशेने वाहत होती. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या हस्ते विदेशी वस्त्रांची मोठी होळी पेटविण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराई येथे त्यांनी पंचाच तेवढा ठेवून बाकी वस्त्रांचा त्याग केला. ज्याने वकिलीच्या काळात उत्तम शिवलेले सूट वापरले होते, त्याने ते उतरविले. ज्याला ते कधी घालू दिले गेले नव्हते, त्याने ते चढविले. दोघांचाही प्रश्न एकच होता : माणसाची योग्यता त्याच्या वस्त्रावरून कोणी ठरवावी? उत्तरे भिन्न आली, कारण दोघांचे आरंभबिंदू भिन्न होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोहोंपैकी एक उत्तर खोटे ठरविण्याची घाई करू नये, असे मला नम्रपणे वाटते.

येथे एक लहानशी गोष्ट नोंदवावीशी वाटते. यंत्रांविषयी गांधीजींचे आक्षेप सर्वांना ठाऊक आहेत, परंतु शिवणयंत्राला त्यांनी त्यातून वगळले होते. १९२४ मधील एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राचे कौतुक केले आहे. पत्नीला हाताने शिवण्याचे कष्ट पडू नयेत, या प्रेमातून ते यंत्र जन्मले, अशी त्यांची त्यामागची भावना होती. वास्तविक अमेरिकेत एलियस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे हक्क मिळविले, आणि त्यापायी त्यांच्यात मोठे खटले झाले. तरीही गांधीजींना त्या यंत्रात जे दिसले ते निराधार नव्हते. सिंगरची यंत्रे १८७० च्या दशकापासून हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्यास 'उषा' यंत्राची निर्मिती सुरू झाली. आपल्या मुलखातील कितीतरी विधवा व परित्यक्ता स्त्रियांनी याच यंत्रावर मुले वाढविली. कारखान्यातील यंत्र माणसाला घराबाहेर नेत होते, तर हे यंत्र घराच्या ओसरीत येऊन बसले.

लोकरीची वाट

आता लोकरीकडे वळू. आपल्याकडे लोकर नव्हती असे नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर जाडीभरडी व बहुधा काळी असते. तिची घोंगडी उत्तम होते, पाऊस झेलते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु कोटाचे तलम कापड त्या लोकरीतून निघत नाही. त्यासाठी मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर लागते आणि ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते.

हिंदुस्थानातील लोकरी गिरण्यांचा जन्म सैन्याच्या गरजेतून झाला. १८७६ मध्ये कानपूर येथे जी लोकरी गिरणी निघाली, ती पुढे 'लाल इमली' या नावाने घरोघरी पोहोचली. पंजाबातील धारिवाल येथेही गिरणी आली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पण ती कापसाची. आपला कापूस तिने आपल्या शेजारीच कातला व विणला. लोकरी कापड मात्र दूरवरून येत राहिले. ठाण्यास १९२५ मध्ये रेमंड वूलन मिल उभी राहिली. सुरुवातीला तेथे घोंगड्यांसारखी जाड ब्लँकेटे आणि स्वस्त लोकरी कापड निघे. १९४४ मध्ये कैलासपत सिंघानिया यांनी ती गिरणी घेतली, आणि हळूहळू तलम सुटिंगसाठी तिचे नाव झाले. ठाण्यानंतर जळगाव, आणि १९९१ मध्ये आपले बोरगाव. ठाण्याच्या मूळ गिरणीतील उत्पादन २००९ मध्ये थांबले.

बोरगावच का, याचे उत्तर भूगोलात आणि राजकारणात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपला हा मराठी पट्टा मध्यप्रदेशात राहिला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हाही ही सीमा तशीच राहिली. आपली भाषा एका बाजूची आणि सातबारा दुसऱ्या बाजूचा, असे आपले जीवन झाले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नागपूरची बाजारपेठ सुमारे पासष्ट किलोमीटरवर, पण राज्य दुसरे. मागास भागात उद्योग यावेत म्हणून त्या काळी ज्या सवलती दिल्या जात, त्यांसाठी अशी सीमेवरील जागा सोयीची ठरते. जी सीमा आपल्याला अनेकदा अडचणीची वाटली, तिनेच लोकरीला आपल्या दारी आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

कोट बेतताना

आता मी शिवलेल्या कोटाकडे येते. नागपुरातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला शिवणकामाच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला, कोटाचा आखीव कागद मिळाला. मापे इंचांत, कागद पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. कागदी आराखड्याचा इतिहास मोठा आहे. माद्रिद येथे हुआन दे आल्सेगा याने १५८० मध्ये शिंप्यांसाठी आकृत्यांचे पुस्तक छापले. निरनिराळ्या मापांचे कागदी आराखडे घरगुती शिवणासाठी विकण्याची कल्पना अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये रूढ केली. त्यापूर्वी बेतण्याची विद्या हे कारागिराचे गुपित असे. कागदाने ते गुपित टपालाने पाठविण्याजोगे झाले.

आराखडा पाहिला की प्रथम लक्षात येते ते हे की त्यात अर्धाच माणूस असतो. डावी आणि उजवी बाजू सारखी मानून एकच बाजू आखावयाची आणि कापड दुहेरी घालून कापावयाचे. प्रत्यक्षात कोणाचेही दोन खांदे अगदी सारखे नसतात. आयुष्यभर खांद्यावर ओझे वाहिलेल्या माणसाचा एक खांदा उतरलेला असतो. कागदाला हे कळत नाही. ते शिंप्याच्या टेपेला आणि नजरेला कळते. म्हणूनच कच्चे टाके घालून अंगावर चढवून पाहावे लागते, आणि तेथे खडूने जी खूण होते ती कागदावर कुठेच नसते.

साधारण दोन मीटर लोकरी कापड, त्याला दीड मीटरच्या आसपास अस्तर, छातीच्या आत घालावयाचा कॅनव्हास, कॉलरखाली उरेब कापलेला तुकडा, बटणे आणि रेशमी दोरा, एवढे साहित्य. कापण्यापूर्वी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून कापड आवळून घ्यावे लागते, नाही तर ते शिवून झाल्यावर आवळते. लोकर हा सजीवाचा केस आहे. वाफ दिली की ती वळते, आक्रसते, ताणते, आणि थंड झाली की त्याच आकारात राहते. सुती कापडाला ही बुद्धी नाही. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा दीड-दोन इंच मोठा कापलेला असतो. तो जास्तीचा भाग चुण्या न पडता वाफेने जिरवावयाचा, तेव्हा खांद्यावर ती भरीव गोलाई येते. मी शिकत होते त्या वृद्ध कारागिरांनी मला एका वाक्यात सांगितले, "बाई, कोट सुईने निम्मा आणि इस्त्रीने निम्मा शिवावयाचा."

कॉलरच्या उलटत्या घडीत कॅनव्हास धरण्यासाठी शेकडो बारीक टाके घालावे लागतात. प्रत्येक टाका कापडाचा एखादाच धागा उचलतो, जेणेकरून बाहेरून काहीही दिसू नये. टाके घालताना कापड बोटावर वळवून धरावयाचे असते. त्यामुळे ती घडी पुढे आपोआप वळते, तिला दाबून बसवावे लागत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटणारे आतील कापड आले आणि हे काम काही क्षणांच्या उष्णतेवर व दाबावर आले. त्यामुळे कोट स्वस्त झाला, पुष्कळांच्या आवाक्यात आला, आणि खुंटीवरचा उसना कोट इतिहासजमा झाला. हा लाभ मी लहान मानत नाही. पण तयार कोट उसवून पुन्हा बेतता येत नाही, आणि मुलाच्या अंगावर वडिलांचा कोट बसविता येत नाही, ही त्याची किंमतही लक्षात ठेवली पाहिजे.

अस्तर आणि माया

अस्तराविषयी मला सर्वांत अधिक शिकावयास मिळाले. अस्तर वरच्या कापडापेक्षा मोठे कापावे लागते. पाठीच्या मध्यावर इंचभर चुणी ठेवावी लागते आणि खालच्या काठाला सैल घडी सोडावी लागते. अस्तर मोजके कापले तर माणसाने हात पुढे केला की वरचे भारी कापड ओढले जाते, त्याला सुरकुत्या पडतात. वरचे कापड कितीही उत्तम असो, आतल्याला मोकळीक नसेल तर बाहेरचे नीट बसत नाही. शिवाय अस्तराच्या आत शिवणींच्या सर्व कडा, टाक्यांच्या गाठी, जोड, दुरुस्त्या लपलेल्या असतात. कोट कसा घडला, हे जाणावयाचे असेल तर अस्तर उसवावे लागते.

समाजाचेही असेच आहे. आपण इतिहास लिहितो तो वरच्या कापडाचा. ज्यांच्या श्रमावर तो आकार उभा राहिला ते शिंपी, काज करणाऱ्या बायका, इस्त्री करणारे, लोकर धुणारे व विंचरणारे कामगार अस्तराच्या आत राहतात. चिचोलीच्या संग्रहालयातील कोटांसमोर उभे राहिले की ज्याने ते परिधान केले त्याचे चरित्र आपल्याला पानापानाने ठाऊक असते. ते कोट कोणाच्या हातांनी बेतले, हे मात्र कपड्यावर लिहिलेले नसते. कपड्याला कसर लागते, म्हणून अशा वस्त्रांवर शास्त्रीय प्रक्रिया करून ती जपावी लागतात. ज्या हातांनी ती शिवली त्या हातांची विद्या जपण्यासाठी आपण काय करतो?

हा प्रश्न बोरगावसाठी नुसता शोभेचा नाही. येथे कोटाचे कापड तयार होते. ते देशभर जाते. परंतु त्या कापडाचा अस्तर लावलेला, कॅनव्हास हाताने टाचलेला कोट आरंभापासून शेवटपर्यंत शिवू शकतील असे कारागीर आपल्या परिसरात आता थोडेच राहिले आहेत, आणि जे आहेत त्यांची मुले दुसऱ्या कामांत गेली आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. एका कोटामागे जे दिवस जातात, त्यांचा मोबदला तयार कपड्यांच्या किमतीशी स्पर्धा करू शकत नाही. पण विद्या एकदा हातातून गेली की पुस्तकातून परत येत नाही. माझ्याजवळचा तो आखीव कागद अगदी स्पष्ट होता. तरीही तीन ठिकाणी त्याचा अर्थ त्या वृद्ध कारागिरांनी बोट ठेवून सांगितल्याशिवाय मला लागला नाही. ज्यांच्यासाठी तो छापला होता त्यांना ते सांगण्याची गरजच नव्हती.

म्हणून या शाळेपुढे मी एक विनंती ठेवते. आपल्या परिसरातील जुन्या शिंप्यांकडे माप-वह्या असतात. एका पिढीच्या गिऱ्हाइकांची छाती, कंबर, खांदा, बाही यांची मापे त्यांत तारीखवार लिहिलेली असतात. दुष्काळानंतर माणसे किती वाळली, कोणत्या वर्षी कोटाची लांबी कमी झाली, लग्नसराईत कोणत्या गावाहून मागणी येई, हे सर्व त्या वह्यांत वाचता येईल. दुकान बंद झाले की त्या रद्दीत जातात. विद्यार्थ्यांनी त्या गोळा कराव्यात, त्यांची नक्कल करावी, त्या कारागिरांच्या तोंडची हकीकत लिहून घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी घरातील कोट घातलेल्या पूर्वजांची छायाचित्रे शाळेस द्यावीत. आणि शक्य असेल तर आठवड्यातील एक तास एखाद्या जुन्या कारागिरास वर्गात बोलावून मुलामुलींच्या हाती सुई द्यावी. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक टेबल, एक इस्त्री आणि थोडा धीर पुरे.

शेवटी त्या एका शब्दाविषयी. शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला 'माया' म्हणतात, हे मी आरंभी सांगितले. ती बाहेरून दिसत नाही. शिवताना ती वाया गेलेल्या कापडासारखी वाटते, आणि काटकसरी माणूस ती कमी करू पाहतो. तयार कपड्यात ती जेमतेम असते. जुन्या कोटात मात्र पाठीच्या मधल्या शिवणीत, बगलेत, बाहीच्या टोकाशी भरपूर माया सोडलेली असे. कारण शिंप्याला ठाऊक असे की हा माणूस उद्या अंगाने भरेल, परवा त्याचा मुलगा हा कोट घालील, आणि तेव्हा कोणीतरी दुसरा शिंपी ही शिवण उसवून पुन्हा घालील. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा माणसासाठी जागा राखून ठेवणे, हा त्या शब्दाचा अर्थ आहे. शाळाही तेच करीत असते. आपल्या गुरुजींनी आपल्यात जी माया सोडली, तिच्या आधारावर आपण वाढलो. आता शिवण आपल्या हाती आहे, आणि पुढच्यांसाठी तीत किती कापड सोडावयाचे, हे आपण ठरवावयाचे आहे.

 गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे व्याख्यान पुरे करते.